साठाव्या पानावर शेवट ओळखला जातोय, तर तो लपवत बसू नका

पुढे वाचणाऱ्यांना धागा लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. कादंबरी गुहागर तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात घडते. नायिका शिक्षिका आहे आणि तीच गोष्ट सांगते. नवरा आंब्याचा बागायतदार आणि व्यापारी, डोक्यावर कर्ज, मूलबाळ नाही, घरात सासू आणि धाकटा दीर. कोजागरीच्या रात्री बाराच्या सुमारास तो किनाऱ्यावर फेरी मारायला जातो आणि परत येत नाही. उजाडता चपला सापडतात, मोबाइल सापडतो, आणि ओल्या वाळूतून थेट पाण्यापर्यंत गेलेली पावलं दिसतात. तीनशे पानांनंतर कळतं की तो खाली सिंधुदुर्गात शिरोड्याकडे लपून राहिलाय आणि हा सगळा बनाव विम्याच्या पैशांसाठी होता. तुम्ही तिघांना वाचायला दिलं, तिघांनीही साठाव्या पानाच्या आसपास शेवट ओळखला. त्यातल्या एकानं "पोलीस मोबाइल का तपासत नाहीत?" असंही विचारलं. आता शेवट आणखी नीट कसा लपवायचा, हा तुमचा प्रश्न. आणि जाता जाता, संवाद मालवणीत चालतील का.

मी बरीच वर्षं दिवाळी अंकांसाठी रहस्यकथा लिहितेय आणि इतरांची हस्तलिखितं वाचून देते. नवरा गायब किंवा बायको गायब हा विषय त्यांत सतत येतो. माझ्या मते तुमची अडचण लपवण्याची नाहीच. माणूस समुद्रात गेला आणि प्रेत मिळालं नाही, एवढं वाचल्याबरोबर अशा गोष्टी वाचणारा कुणीही म्हणणार की हा जिवंत आहे. त्याला तुमचा इलाज नाही. खरी अडचण अशी की तिथून शेवटापर्यंत तुमच्या नायिकेला काही कामच नाही. तुम्ही दिलेल्या सारांशात ती रडते, आठवते, समुद्राकडे बघते, कुणाकुणाचा संशय घेते. करत काहीच नाही. "कुठे गेला?" हा प्रश्न साठ-सत्तर पानं पुरतो. पुढची कादंबरी "आता हिनं काय ठरवायचं?" यावर चालवावी लागते. आणि बेपत्ता माणसाच्या बायकोसमोर ठरवायच्या गोष्टी इतक्या येतात की तुम्हाला तीनशे पानं कमी पडतील.

यातलं बरंचसं तुमच्या काही निवडींवर अवलंबून आहे: कथा कोणत्या साली घडते, कोणत्या महिन्यात, आणि सांगणारीला किती ठाऊक आहे. तुम्ही मोबाइल दाखवलाय, म्हणून काळ आजचा धरते.

आधी किनाऱ्याचं बोलू. भरतीची वेळ काढायचा आपल्याकडे जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला सहा, पौर्णिमेला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण कथेला पुरतो. नेमकी वेळ हवी असेल तर भरती-ओहोटीची कोष्टकं मिळतात. म्हणजे कोजागरीच्या रात्री बाराला समुद्र भरलेला असतो, तोही उधाणाचा. पाणी सुक्या वाळूला टेकलेलं. तिथून ओहोटी लागते आणि पहाटे साडेपाच-सहाला पाणी पार लांब गेलेलं असतं. आता तुमच्या पावलांकडे बघा. बारा वाजता जो पाण्यात शिरला त्याची पावलं भरतीच्या रेषेपाशी संपायला हवीत. पुढे तेव्हा पाणीच होतं. पाणी ओसरल्यावर तिथली वाळू गुळगुळीत आणि कोरी निघणार. सकाळी पावलं जर ओल्या वाळूवरून थेट त्या वेळच्या पाण्यापर्यंत गेलेली दिसत असतील, तर ती रात्री बाराची असूच शकत नाहीत. पहाटे, ओहोटी सरत आली तेव्हा कुणीतरी तिथून चाललंय.

हे दुरुस्त करू नका! तुम्ही नकळत हातात घेतलेला हा उत्तम पुरावा आहे. फक्त तो कुणाच्या नजरेला पडावा ते ठरवा. घाटावरून बदलून आलेल्या फौजदाराला तो दिसणार नाही. शिवाय तो पोचेपर्यंत अर्ध्या गावानं वाळू तुडवलेली असणार. दिसेल तो पहाटेच्या ओहोटीला खडपावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या खडकांवर, कालवं काढायला जाणाऱ्या बाईला. तिला तिथी पाठ असते, कारण तिचं पोट त्यावर आहे. ती काही बोलत नाही, कारण तिला कुणी विचारत नाही. दहाव्या प्रकरणात ती सहज बोलून जाते, आणि "जिवंत की मेला" या प्रश्नाच्या जागी दुसरा प्रश्न येतो: बारा ते पाच तो कुठे होता? की ती पावलं त्याची नव्हतीच? तुमच्या तिघा वाचकांनी साठाव्या पानावर जे ओळखलं, ते इथे अपुरं ठरतं. (अष्टमीची रात्र घेतली असती तर उलटं झालं असतं. बाराला ओहोटी, सकाळी सहाला भरती. एकही पाऊल उरलं नसतं.)

कोजागरी ठेवा, पण त्या रात्री गाव जागं असतं हे विसरू नका. मसाल्याचं दूध होतं, पत्ते रंगतात, पोरं किनाऱ्यावर असतात. अकरापर्यंत त्याला दहा जणांनी पाहिलेलं असणार आणि त्यानंतर कुणीच नाही, ही गोष्टच खटकली पाहिजे. निसटायला सोयीचा काळ हवा असेल तर शिमगा किंवा गणपती बरा. घरोघरी चाकरमानी आलेले, रस्त्यावर अनोळखी चेहरे, आणि एक माणूस घरात नाही हे दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. पावसाळा मात्र टाळा. जून-जुलैत यांत्रिक नौकांना बंदी असते, होड्या वर ओढलेल्या असतात, समुद्रमार्गे पळणं खोटं वाटेल.

निसटण्याचा रस्ताही नकाशावर बघून लिहा. गुहागर तालुक्याच्या उत्तरेला दाभोळची खाडी, दक्षिणेला जयगडची. धोपावे-दाभोळ आणि तवसाळ-जयगड अशा दोन फेरीबोटी. तालुक्यात रेल्वे नाही, गाडी पकडायची तर चिपळूण गाठावं लागतं. म्हणजे पहाटे बाहेर पडणाऱ्याला एसटी, फेरीबोट किंवा कुणाची तरी गाडी यातलं काहीतरी लागणारच, आणि प्रत्येक ठिकाणी एक तरी माणूस त्याला ओळखणारा. तुमच्या हस्तलिखितात तो एकदम शिरोड्यात उगवतो. मधला प्रवास लिहा, तिथे निदान दोन प्रकरणं पडून आहेत.

आता प्रेत. किनाऱ्यावर लोक म्हणतात, समुद्र पोटात काही ठेवत नाही. आपल्याकडच्या उबदार पाण्यात बुडालेलं शरीर साधारण दोन-चार दिवसांत फुगून वर येतं. आठवडा उलटला आणि काही मिळालं नाही की गावात कुजबुज सुरू होते. तुमच्या वाचकांनी तीच केली. म्हणून माझा सल्ला, एक प्रेत मिळू द्या. पंधरा दिवसांनी, बरंच लांब, चेहरा ओळखू न येणारं. किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहतो आणि हिवाळ्यात उत्तरेकडे. ऑक्टोबर हा मधला काळ, त्यामुळे ते देवगडकडे लागलं काय किंवा हर्णैकडे लागलं काय, दोन्ही पटतं. खुद्द खारव्यांमध्येही, मासेमारी करणाऱ्यांमध्येही, यावर दोन मतं पडू द्या.

आणि इथे एक बारकावा आहे जो बहुतेक लेखक चुकवतात. डीएनए जुळवायला बायकोचं रक्त कामाचं नाही. आई लागते, बाप लागतो, नाहीतर मूल. भावाचं रक्त घेता येतं, पण आईइतकं निर्विवाद नसतं. तुमच्या कथेत मूल नाही, बाप नाही. म्हणजे चावी सासूच्या हातात. आणि सासू म्हणते, मी रक्त देणार नाही. ती रक्त देत नाही तोवर तिचा मुलगा जिवंत आहे. सून मात्र रोज विचारते, कारण तिला काहीतरी एक कळायला हवंय. या दोन बायका एका स्वयंपाकघरात वावरताहेत, एवढ्यावर मी तरी चाळीस पानं वाचेन.

मोबाइलबद्दल तुमचा वाचक बरोबर आहे. सज्ञान माणूस नाहीसा झाला की सहसा लगेच गुन्हा दाखल होत नाही, मिसिंगची नोंद होते, तपास एखाद्या हवालदाराकडे जातो आणि पहिले प्रश्न बायकोला विचारले जातात: भांडण झालं होतं का, कर्ज किती, दुसरं कुणी होतं का. कॉलचा तपशील मागवला जातोच. तो तिसऱ्या प्रकरणात येऊ द्या आणि त्यातून उत्तर निघण्याऐवजी एक नवा नंबर निघू द्या. कथा काही वर्षं चालणार असेल तर हेही उपयोगी पडेल की दूरसंचार कंपन्यांवर कॉलच्या नोंदी जपण्याचं बंधन किमान दोन वर्षांचं आहे; डिसेंबर २०२१ आधी ते एकच वर्षाचं होतं. तिसऱ्या वर्षी नायिकेला सुचलं की अमुक दिवशी त्यानं कुणाला फोन केला होता ते पाहावं, तर ती नोंद बहुधा कुठेच उरलेली नसेल.

आता विमा, कारण तुमच्या कथेचा पायाच तो आहे आणि तो डळमळीत आहे. रत्नागिरीच्या कोर्टात वकिली करणाऱ्या एका मैत्रिणीकडून मी असे तपशील तपासून घेते. ज्यांना माणसाची खबर मिळायला हवी अशांना सात वर्षं ती मिळाली नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. आधी हे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १०८ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ मध्ये आहे. पण सात वर्षं भरली म्हणून तो नाहीसा झाला त्याच दिवशी मेला, असं कायदा गृहीत धरत नाही. मृत्यूची तारीख वेगळी सिद्ध करावी लागते. २००४ साली आयुर्विमा महामंडळाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं, आणि दावा करेपर्यंत हप्ते भरून पॉलिसी चालू ठेवायला हवी असंही सांगितलं.

याचा तुमच्या कथेत अर्थ काय? प्रेताशिवाय विम्याचा बनाव करणाऱ्याला सात वर्षं थांबावं लागेल, आणि ती सात वर्षं बायकोनं न चुकता हप्ते भरले पाहिजेत. कर्जात बुडालेला, दलालाच्या तगाद्यानं घाईला आलेला व्यापारी असा बेत करणार नाही. केला तर तो कच्चा तरी आहे, किंवा त्याची बायको त्यात सामील आहे. किंवा विमा ही हूल आहे आणि पळण्याचं कारण दुसरंच. मला तिसरी वाट जास्त आवडते, पण दुसरीतही दम आहे. बघा, नवऱ्याचं श्राद्ध घालायला तयार नसलेल्या घरात एक बाई दर वर्षी त्याचा हप्ता भरते. तो जिवंत आहे म्हणून भरते, की मेला असं ठरवता यावं म्हणून? बाहेरून दोन्हींची पावती सारखीच दिसते.

कागदांची यादी इथे थांबत नाही. सातबारावर नवऱ्याचं नाव आहे. मृत्यूच्या दाखल्याशिवाय वारसनोंद होत नाही. धाकट्या दिराला बागेचा हिस्सा वेगळा करून हवाय, पण सही करणारा हजर नाही. वाशीच्या दलालाची उचल घेतलेली आहे, तो पेट्यांची वाट बघतोय. मोहोर कुणासाठी थांबत नाही. ऑक्टोबरात नवरा गेला, तर नोव्हेंबर-डिसेंबरात फवारणीचे पैसे उभे करायचे, राखणीला गुरखे ठेवायचे, नाहीतर बाग कुणाला तरी करारानं देऊन टाकायची. हे आंब्याचं वेळापत्रक तुमच्या कादंबरीचं घड्याळ होऊ शकतं. पोलीस तपासाच्या तारखांपेक्षा ते चांगलं, कारण कोकणातल्या वाचकाला ते सांगावं लागत नाही आणि बाकीच्यांना ते नवं असतं.

घरातला हिशेब आणखी वेगळा. कायदा सात वर्षं म्हणतो, जुनी रीत बारा. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग पळसाचा पुतळा करून अंत्यविधी करायचा, पालाशविधी म्हणतात त्याला. म्हणजे मधली पाच वर्षं ती कोर्टाच्या कागदावर विधवा आणि सासूच्या देवघरात सवाष्ण. हळदीकुंकवाला तिला बोलावायचं की नाही? बोलावणारीलाही प्रश्न, जाणारीलाही. शिवाय हिंदू विवाह कायद्यात सात वर्षं खबर नसणं हे घटस्फोटाचंही कारण आहे. म्हणजे त्याच सात वर्षांनंतर ती विधवा ठरून घेऊ शकते किंवा घटस्फोटित होऊ शकते, आणि विम्याच्या दृष्टीनं, सासरच्या जमिनीच्या दृष्टीनं या दोन वाटा फार वेगळ्या जातात. तिनं कोणती धरली यावरून तिला खरं काय ठाऊक आहे हे सुटू शकतं.

इथपर्यंतचं एका दमात: पावलं पहाटेची ठेवा, एक परकं प्रेत आणा, रक्ताचा अधिकार सासूला द्या, आणि नायिकेच्या हातात पेन द्या.

आता लपवण्याबद्दल, कारण तुम्ही विचारलं तेच होतं. तो जिवंत असल्याचं मी तुमच्या जागी असते तर दीडशेव्या पानाच्या आत वाचकाला सांगून टाकलं असतं. एका छोट्या प्रकरणात, शिरोड्यात दाढी वाढवून तो एका खानावळीत हिशेब लिहितोय, एवढंच. अडचण अशी की तुमची गोष्ट बायकोच्या तोंडून आहे, तिला हे दिसणार नाही. मग दोन पर्याय. निवेदन तृतीयपुरुषी करा. किंवा तिला स्वतःला कळू द्या आणि तिनं ते कुणालाही न सांगता वागावं; वाचकाला तिच्या वागण्यातून कळेल. दुसरा पर्याय अवघड आहे, कारण "मी" म्हणून बोलणारीनं ठाऊक असलेलं लपवलं की वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. मी पाळते तो नियम असा: सांगणारी खोटं सांगणार नाही, पण कशावर किती वेळ रेंगाळायचं हे तिच्या हातात. तिनं हप्ता भरला हे तिनं सांगायलाच हवं. का भरला, यावर ती न बोलता बँकेतल्या रांगेबद्दल बोलू शकते. पुन्हा वाचताना ती रांग वेगळी दिसली तर तुम्ही जिंकलात.

तो परत यावा का? तुमच्या पत्रात तसा थेट प्रश्न नाही, पण शेवटच्या प्रकरणात तो दारात उभा राहतो आणि सगळे त्याला लगेच ओळखतात, हे मला पचलं नाही. याचा आपल्याकडचा सगळ्यात मोठा दाखला रत्नागिरीचाच आहे. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण लोकांच्या मनातली शंका गेली नाही आणि पार्वतीबाईंनी स्वतःला कधी विधवा मानलं नाही. पुढे मीच भाऊ म्हणणारा तोतया उभा राहिला, कैदेत गेला, आणि १७७६ मध्ये रत्नागिरीच्या कैदेतून बाहेर पडला तो तिथल्याच अंमलदाराच्या, रामचंद्र नाईक परांजप्यांच्या पाठबळावर. कोकणातले किल्ले त्याला मिळत गेले. वर्ष सरायच्या आत तो पकडला जाऊन पुण्यात मारला गेला. मला त्यात रस आहे तो एवढ्यासाठी की इतक्या लोकांनी त्याला भाऊ मानलं ते चेहरा जुळला म्हणूनच असेल असं वाटत नाही. तो भाऊ असणं त्यांच्या सोयीचंही होतं. तुमच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाला कुणी कुणी ओळखावं हे असंच ठरवा. दलालाला तो जिवंत हवाय, वसुलीसाठी. दिराला मेलेला हवाय. सासूला तो हवाच आहे, कसाही. आणि बायको त्याच्याकडे बघून पोलिसांसमोर काय म्हणते, यावर कादंबरी संपू शकते.

राहता राहिली मालवणी. गुहागरात ती चालणार नाही. मालवणी सिंधुदुर्गाची, गुहागरच्या बाजूला खारव्यांची बोली वेगळी, कुणब्यांची वेगळी, कोकणी मुसलमानांची वेगळी, आणि तुमच्या शिक्षिकेच्या घरात बहुतेक साधी बोलभाषा असेल. कालवंवाल्या बाईचे संवाद त्या गावातल्या कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या. पण मालवणीवर तुमचा हात बसलेला दिसतोय, तो वाया घालवू नका. ती शिरोड्याला वापरा. तिथे सगळे मालवणीत बोलतात आणि हा एकटा उत्तरेकडचा. त्यानं नाव बदललं, दाढी वाढवली, तरी चहाच्या टपरीवर पहिलं वाक्य बोलला की टपरीवाला विचारणार, कुठले तुम्ही? तिथे त्यानं रत्नागिरी म्हणायचं, राजापूर म्हणायचं की गप्प राहायचं, ते लिहून पाहा. मला वाटतं त्याचा माग तिथूनच लागतो.